चलचित्रांचे धरण

शाळेत एखादी चित्रफीत तयार करायची असे ठरले, की पहिला प्रश्न निघतो तो संगणकाचा. कोणता घ्यावा, किती रॅमचा, कोणत्या प्रोसेसरचा? दुकानदारही याच भाषेत बोलतो. पण प्रत्यक्ष संकलनाला बसल्यावर गाडी अडते ती बहुतेक वेळा दुसरीकडेच. चित्रण ठेवायला जागा पुरत नाही, किंवा जागा भरपूर असूनही चित्रण तिथून वेळेवर बाहेर येत नाही. आणि कधी कधी काल असलेले चित्रण आज सापडतच नाही. म्हणून या लेखात संगणकाच्या आधी साठ्याचा हिशोब मांडू या. हिशोब आठवी-नववीच्या गणिताच्या पलीकडचा नाही, त्यामुळे तो मुलांकडूनच करून घेता येईल.

हिशोबाला एक उदाहरण हवे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात कासारसाई नावाचे गाव आहे, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलापासून फार दूर नाही. गावाजवळ एक लहानसे मातीचे धरण आहे. पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता येतो, त्यात पवना साडेआठ टीएमसी, पानशेत साडेदहा टीएमसी अशा आकड्यांच्या शेजारी कासारसाई सुमारे ०.५७ टीएमसी एवढ्यावर उभे असते. परिसरात ऊस आहे आणि कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. समजा, या भागातल्या एखाद्या शाळेने ‘धरणाचे एक वर्ष’ नावाची चित्रफीत करायचे ठरवले. १ जून ते ३१ मे, रोज सकाळी एकाच दगडावर फोन टेकवून धरणाचे एक छायाचित्र आणि अर्ध्या मिनिटाचे चित्रण घ्यायचे. शिवाय सोळा जणांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मुलाखती: धरण होण्याआधीचा ओढा आणि पाण्याखाली गेलेली शेते ज्यांना आठवतात असे आजी-आजोबा, ऊसतोडीला आलेली कुटुंबे, मासे धरणारे, पाटाचे पाणी सोडणारे.

रोज एक चित्र घेऊन काळ आखडायची युक्ती आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधीची आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा मागवला, तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभर त्याची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तो वेल पाहता पाहता वर चढला आणि पैसे देणाऱ्याची खात्री पटली. या प्रकारच्या कामाची गंमत आणि भीती एकच आहे. मधले दिवस परत मिळत नाहीत. स्नेहसंमेलनातल्या नाटकाचे चित्रण बिघडले तर मुलांना पुन्हा उभे करता येते. पण १२ जुलैला सांडव्यावरून पहिल्यांदा वाहिलेले पाणी पुन्हा दाखवता येत नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या आजोबांची मुलाखत पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ असे म्हणण्यात अर्थ नसतो.

टीएमसी आणि क्युसेक

धरणाच्या बातमीत दोन वेगळी मापे येतात. साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट. ०.५७ टीएमसी म्हणजे ५७ कोटी घनफूट. त्यातून १०० क्युसेकने पाणी सोडत राहिलो, तर धरण रिकामे व्हायला ५७ लाख सेकंद, म्हणजे ६६ दिवस लागतील. संगणकाच्या साठ्यालाही हीच दोन मापे लागू पडतात. डिस्कवर छापलेले ‘१ टेराबाइट’ हा तिचा टीएमसी. ती दर सेकंदाला किती मेगाबाइट देऊ-घेऊ शकते हा तिचा क्युसेक. जाहिरातीत पहिला आकडा मोठा असतो, दुसरा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत, आणि संकलनात अडचण करतो तो दुसरा.

आधी पाहू, आपल्या फितीचा ओघ किती आहे. फुल एचडी म्हटलेल्या चित्राच्या एका चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतात. गुणाकार २०,७३,६००. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एक चौकट ६२,२०,८०० बाइटची होते. फोन बहुधा सेकंदाला ३० चौकटी घेतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १८.७ कोटी बाइट, १८७ मेगाबाइट. तासाला ६७२ गीगाबाइट! एक टेराबाइटची कोरी डिस्क दीड तासात भरून जाईल. आणि हे नुसते चित्र, आवाज अजून धरलाच नाही.

प्रत्यक्षात फोनवरचे एका मिनिटाचे फुल एचडी चित्रण १३० मेगाबाइटच्या आसपास भरते. सेकंदाला जेमतेम सव्वादोन मेगाबाइट. १८७ चे सव्वादोन झाले कसे? फोनने ऐंशी-पंचाऐंशी पट माहिती कुठे टाकून दिली? हे कळले की संकलनातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ कळते, म्हणून इथे थोडे थांबू.

हजेरीपटाची युक्ती

पहिली काटछाट आपल्या डोळ्यांच्या भरवशावर होते. प्रकाशातला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूचा उजेड नोंदवतात, पण रंग मात्र चार बिंदूंच्या गटाला मिळून एकच. एवढ्यानेच माहिती निम्मी होते. मग एका चौकटीच्या आतली पुनरावृत्ती काढून टाकतात. आकाशाचा निळा तुकडा बिंदू-बिंदूने लिहिण्यापेक्षा ‘इथून तिथवर साधारण असा निळा’ एवढे लिहिले तरी भागते.

मोठी बचत मात्र तिसऱ्या युक्तीत आहे. समजा, वर्गात साठ मुले आहेत. रोज हजर मुलांची सगळी नावे लिहायची ही एक पद्धत. दुसरी पद्धत अशी: सोमवारी पूर्ण यादी लिहायची आणि पुढे रोज फक्त कालच्यापेक्षा काय बदलले ते लिहायचे. मंगळवारी ‘सीता नाही’, बुधवारी ‘सीता आली, गणू नाही’, गुरुवारी ‘बदल नाही’. वहीची पाने वाचतात. धरणाच्या चित्रणात डोंगर, बांध, झाडे चौकटीमागून चौकट तशीच असतात, हलते ते फक्त पाणी आणि एखादा बगळा. मग सगळा डोंगर सेकंदाला तीस वेळा कशाला लिहायचा? फोनमधली चकती, म्हणजे चिप, एक पूर्ण चौकट लिहिते आणि पुढे बराच वेळ नुसते बदल लिहीत जाते. साधारण अर्ध्या-एक सेकंदाने पुन्हा एक पूर्ण चौकट येते.

आता मुख्याध्यापकांनी विचारले, ‘गुरुवारी वर्गात कोण कोण होते?’ तर गुरुवारच्या पानावर उत्तर नाही. सोमवारच्या यादीपासून सुरुवात करून मंगळवार, बुधवार, गुरुवारचे बदल क्रमाने लावत यावे लागते. चित्रफितीत तर याहून गुंतागुंत असते, कारण काही चौकटी पुढच्या चौकटीच्या आधारानेही लिहिलेल्या असतात. जणू शनिवारचे पान पाहिल्याशिवाय शुक्रवारचे पान पुरे वाचता येत नाही.

फीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ पाहायची असेल तर याचा काही त्रास नाही. बदल क्रमानेच येतात. पण संकलक फीत सरळ कधी पाहतो? तो मागे जातो, पुढे जातो, मधल्याच चौकटीवर थांबतो, दोन तुकडे जोडून तो सांधा दहा वेळा फिरवून पाहतो. प्रत्येक वेळी संगणकाला आदल्या ‘सोमवारा’पर्यंत मागे जाऊन सगळी बेरीज-वजाबाकी नव्याने करावी लागते. म्हणूनच जो संगणक चित्रपट सुरळीत दाखवतो, तोच संकलनात अडखळतो. दोष डिस्कचा नसतो. ती बिचारी सेकंदाला दोन-सव्वादोन मेगाबाइट देऊन मोकळी झालेली असते. काम अडलेले असते प्रोसेसरवर.

वर्गात हे दाखवायला संगणकाची गरज नाही. चौकटीच्या वहीत ८ × ८ चे दहा चौकोन आखा आणि त्यात एक काळा ठिपका डावीकडून उजवीकडे सरकताना दाखवा. एका गटाला प्रत्येक चौकोनातली सगळी ६४ घरे ० आणि १ मध्ये लिहायला सांगा, दुसऱ्याला पहिला चौकोन पूर्ण आणि पुढे फक्त बदल. मग दोन्ही गटांना विचारा, सातव्या चौकोनात ठिपका कुठे आहे? लिहिण्यात कोण लवकर सुटले आणि उत्तर देण्यात कोण, ते मुलेच सांगतील.

संकलनासाठी वेगळी प्रत

यातून वाट दोन प्रकारे निघते. एक, सगळे चित्रण ‘रोज पूर्ण हजेरी’च्या पद्धतीत बदलून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक चौकट सुटी आणि स्वयंपूर्ण. प्रोरेस, डीएनएक्सएचडी ही अशा पद्धतींची नावे. प्रोरेसच्या नेहमीच्या प्रकारात फुल एचडी फितीला सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट लागतात. इथे जरा सावध राहा. बिट वेगळा, बाइट वेगळा. आठ बिटांचा एक बाइट. १४७ भागिले ८, म्हणजे सेकंदाला १८ मेगाबाइट, तासाला ६६ गीगाबाइट. ओघाचे आकडे बहुधा बिटांत दिलेले असतात आणि साठ्याचे बाइटांत, त्यामुळे आठ पटींचा घोटाळा फार सहज होतो.

दुसरी वाट म्हणजे प्रॉक्सी. मूळ चित्रण जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याची लांबी-रुंदी निम्मी केलेली, सुट्या चौकटींची एक हलकी प्रत बनवायची. बिंदू एक चतुर्थांश होतात, तासाला साधारण १६-१७ गीगाबाइट लागतात. सगळे कापणे-जोडणे या हलक्या प्रतीवर करायचे. अंतिम फीत तयार करताना सॉफ्टवेअर आपण होऊन प्रत्येक तुकड्याच्या जागी मूळ चित्रण घेते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर, तसेच डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, या सगळ्यांत ही सोय आहे. शाळेसाठी मी दुसरीच वाट सुचवीन. पहिलीत जागा चौपट जाते आणि शाळेच्या कामात त्याचा फायदा डोळ्याला दिसत नाही.

आता कासारसाईचा हिशोब पुरा करू. रोजचे अर्धे मिनिट, ३६५ दिवस: साडे १८२ मिनिटे. सोळा मुलाखती: ४८० मिनिटे. एकूण ६६२ मिनिटे, म्हणजे अकरा तासांहून थोडे अधिक. मिनिटाला १३० मेगाबाइटने मूळ चित्रण ८६ गीगाबाइट. छायाचित्रे चार-चार मेगाबाइटची धरली तर सगळी मिळून दीड गीगाबाइट. प्रॉक्सी सुमारे १८० गीगाबाइट. तयार फितीचे कच्चे-पक्के खर्डे, आवाज, सॉफ्टवेअरने स्वतःसाठी साठवलेले तुकडे यांना ढोबळमानाने १०० धरू. बेरीज ३७० गीगाबाइटच्या घरात जाते. एक टेराबाइटची डिस्क पुरून उरेल, आणि उरायलाच हवी; एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. प्रॉक्सीऐवजी पहिली वाट धरली असती, तर एकट्या बदललेल्या प्रतीलाच ७३० गीगाबाइट लागले असते.

मूळ चित्रण ८६ आणि कामाचा पसारा ३७०, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या ८६ शिवाय बाकी सगळे पुन्हा बनवता येते.

डिस्क विकत घेताना मुले आणखी एक गोष्ट हमखास विचारतात. १ टेराबाइटच्या डिस्कवर विंडोजमध्ये ९३१ गीगाबाइटच का दिसतात? दुकानदाराने फसवलेले नसते. बनवणारा १०००च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या पटीत. १ वर बारा शून्ये लिहून तीन वेळा १०२४ने भागून पाहा.

तोटी कुठे अरुंद आहे?

धरण कितीही भरलेले असो, शेतात पोचणारे पाणी ठरते सगळ्यात अरुंद तोटीवर. इथे तोट्या तीन: खुद्द डिस्क, तिची केबल, आणि संगणकाचे भोक, म्हणजे पोर्ट.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइट किंवा थोडे जास्त देते. पण तिचे वाचणारे टोक एका वेळी एकाच जागी असते. ५४०० फेऱ्यांची तबकडी सेकंदात ९० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी निम्मी फेरी जाते, शिवाय टोक सरकण्याचा वेळ वेगळा. एक मुलाखत, तिच्यावर धरणाचे दृश्य, खाली तिसऱ्याच फाइलमधला पावसाचा आवाज, असे तीन प्रवाह एकाच वेळी मागितले की टोक नुसते पळापळ करत राहते आणि १०० चे २०-३० कधी होतात कळत नाही. एसएसडीमध्ये फिरते काही नसते. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० मेगाबाइट देते आणि जागा बदलायला तिला जवळजवळ वेळच लागत नाही. म्हणून काम करायला एसएसडी आणि साठवून ठेवायला हार्ड डिस्क अशी वाटणी करावी. उलट करू नये. एसएसडीमधली नोंद ही विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तो भार गळू शकतो.

पोर्टची गोष्ट सोपी आहे. जुने यूएसबी २ कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३० ते ४०. यूएसबी ३ कागदावर त्याच्या दहापट. त्याचे भोक बऱ्याचदा आतून निळे असते, सगळ्या संगणकांवर असतेच असे नाही. चांगली डिस्क आणून ती काळ्या भोकात लावणे म्हणजे मोठ्या नळाला सलाइनची नळी जोडणे. आपले ८६ गीगाबाइट यूएसबी २ वरून उतरायला पाऊण तास लागेल, यूएसबी ३ वर साध्या हार्ड डिस्कलाही पंधरा मिनिटे पुरतात.

एवढे सगळे झाल्यावर संगणक. प्रॉक्सी वापरायची असेल तर शाळेतला पाच-सात वर्षांचा संगणकही चालेल, त्यात १६ गीगाबाइट रॅम असावी आणि यंत्रणा व सॉफ्टवेअर एसएसडीवर असावे. ८ वर काम होते, पण सोबत दुसरे काही उघडता येत नाही. शक्य असेल तर चित्रण वेगळ्या डिस्कवर ठेवावे. नव्या फोनवर ‘उच्च कार्यक्षमता’ अशा नावाची एक सोय असते; ती एच.२६५ पद्धत वापरते आणि जागा निम्मी घेते. त्या निम्म्या जागेची किंमत प्रोसेसर मोजतो. जुन्या संगणकात ती पद्धत उलगडणारी वेगळी चिप नसते. संगणक जुना असेल तर फोनवर एच.२६४ निवडा, जागा दुप्पट गेली तरी चालेल. फोर-के मात्र कशासाठी हवे, ते आधी स्वतःला विचारा. बिंदू चौपट होतात, आणि फीत अखेर दाखवायची असते ती शाळेच्या प्रोजेक्टरवर.

ताळा

साठ्याचा दुसरा भाग जागेचा नाही, टिकण्याचा आहे. याबाबत पुण्याला मोठा आणि कडू अनुभव आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुन्या फिती मिळवल्या, आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा जो काही भाग आज पाहता येतो तो अशा धडपडीमुळे. पण १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत मिळाली नाही. छायाचित्रे आणि जाहिराती उरल्या. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, जुन्या नायट्रेट फिती ठेवलेल्या कोठाराला आग लागली. सेल्युलोज नायट्रेटमध्ये जळायला लागणारा प्राणवायू त्याच्याच रेणूत असतो, त्यामुळे ते पेटले की पाण्याखालीही विझत नाही. अशा आगीतून वाचते ते एकच, ज्याची प्रत दुसऱ्या इमारतीत आहे.

आपली डिस्क पेट घेणार नाही, पण बिघडेल. समजा, एखादी डिस्क एका वर्षात बिघडण्याची शक्यता शंभरात दोन आहे. एकच प्रत असेल तर धोका पन्नासात एक. दोन डिस्कवर दोन प्रती असतील आणि दोन्ही एकाच वर्षी जाव्या लागतील, तर ०.०२ × ०.०२ = ०.०००४, अडीच हजारात एक. तीन प्रतींना सव्वा लाखात एक. दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. मात्र गुणाकाराची अट मुलांना सांगायला विसरू नका: घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दोन्ही डिस्क एकाच कपाटात, एकाच बोर्डाला लावलेल्या असतील, तर विजेचा एक झटका, एक चोरी किंवा छपरातून गळणारे पाणी दोन्ही एकदम नेईल आणि अडीच हजारात एक हे कागदावरच राहील. म्हणून प्रती तीन, त्यांतली एक गावात दुसऱ्याच घरी.

तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवता येईल का? ८६ गीगाबाइट सेकंदाला १० मेगाबिटच्या वेगाने वर चढवायला एकोणीस तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर आणखी. पण आपले चित्रण एकदम येणारच नाही. रोजचे अर्धे मिनिट म्हणजे ६५ मेगाबाइट, त्याच वेगाने ५२ सेकंदांचे काम. रोजचे रोज केले तर जमते, मे महिन्यात एकदम करू म्हटले तर नाही. एक खबरदारी मात्र घ्या. फोल्डर आपोआप जुळवून ठेवणारी सोय ही प्रत धरू नका. इथे चुकून फाइल पुसली की तिथेही पुसली जाते.

प्रत झाली, पण ती बरोबर झाली का? इथे आपला जुना नवाचा ताळा आठवा. संख्येचे अंक मिळवत एक अंक उरेपर्यंत जायचे: ४७३ चा ताळा ४ + ७ + ३ = १४, मग ५. नक्कल करणाऱ्याने ४८३ लिहिले तर ताळा ६ येतो आणि चूक पकडली जाते. पण ७४३ लिहिले तर ताळा पुन्हा ५ च. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही. संगणकावरचा ताळा, म्हणजे चेकसम, याच जातीचा पण फार कडक असतो. एसएचए-२५६ हा ताळा कितीही मोठ्या फाइलचा काढला तरी २५६ बिटांचाच येतो, आणि फाइलमधला एक बिट बदलला की जवळजवळ निम्मा ताळा बदलतो. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तो काढायची सोय आतच असते. मूळ आणि प्रत यांचे ताळे जुळले, तरच फोनमधले चित्रण पुसायचे. वर्गातल्या दोघांना ‘ताळेनीस’ नेमले तर त्यांना ते काम आवडते.

बारीकसारीक

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी ऐन वेळी मोठ्या होतात. मुले फोनवरचे चित्रण व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि तिथे ते पुन्हा आवळले जाते. बदलांच्या नोंदीतून पुन्हा बदलांच्या नोंदी केल्या जातात आणि आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट होतात. केबलने उतरवा, किंवा पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पेनड्राइव्ह जुन्या एफएटी-३२ पद्धतीने आखलेला असेल तर चार गीगाबाइटहून मोठी फाइल तो घेतच नाही. आपली अर्ध्या तासाची मुलाखत जेमतेम बसते, आजोबा रंगात आले आणि पाऊण तास बोलले की नाही बसत. तो एक्स-एफएटी पद्धतीने आखून घ्या, आखताना आतले सगळे पुसले जाते हे लक्षात ठेवून.

फाइलच्या नावात तारीख वर्षापासून लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, महिना-दिवस दोन-दोन अंकी. दिवसापासून लिहिली तर १ जूनशेजारी १ जुलै येऊन बसतो. वर्षापासून लिहिली तर संगणकाची अक्षरक्रमाची मांडणी आणि कालक्रम एकच होतात. छायाचित्रांच्या मालिकेला याचा थेट उपयोग आहे. सेकंदाला २५ या वेगाने ३६५ चित्रे सलग लावली की धरणाचे वर्ष साडेचौदा सेकंदांत भरून ओसरते, आणि त्यात एकच दिवस जागा चुकला तर पाण्याची पातळी पडद्यावर उडी मारते.

फोनची आणखी एक खोड आहे. उजेड कमी-जास्त झाला की तो सेकंदाच्या चौकटी ३० वरून थोड्या इकडे-तिकडे करतो. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत त्यामुळे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. प्रॉक्सी बनवण्याआधी चौकटींचा वेग स्थिर करून घ्यावा. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर फोनवर २५ चा वेग मिळतो का ते पाहावे; आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि २५ तिच्याशी जुळते.

वीज जाण्यावर उपाय म्हणजे डेस्कटॉपला यूपीएस. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण वेगळ्या विजेवर चालणारी बाहेरची डिस्क असेल तर तिला नसते. लिहिणे अर्धवट असताना डिस्कची वीज तुटली तर फक्त ती फाइल नव्हे, डिस्कवरच्या फाइलींची अनुक्रमणिकाही बिघडू शकते. मुळशीच्या पावसाळ्यात कपाटातल्या डिस्कजवळ सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि ती अधूनमधून गरम करून पुन्हा कोरडी करावी.

१ जूनला सुरुवात करण्याआधी मे महिन्यातला एक आठवडा रंगीत तालमीसाठी ठेवा. सात दिवस चित्रण करा, उतरवा, ताळे जुळवा, तीन प्रती करा, प्रॉक्सी बनवा. मग आठव्या दिवशी कामाच्या डिस्कवरची एक फाइल मुलांच्या देखत मुद्दाम पुसा, आणि दुसऱ्या घरी ठेवलेल्या प्रतीतून ती परत आणायला सांगा. घड्याळ लावून किती वेळ लागला ते फळ्यावर लिहा.